पासष्ट हजारांत भाच्याचा पहिला गेमिंग संगणक

२०२३ च्या दिवाळीआधी बहिणीचा फोन आला. "दादा, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला की कॉम्प्युटर घेऊन देईन, असं याला कबूल केलं होतं. पासष्ट हजार बाजूला काढलेत. त्याच्यावर एक पैसा नाही, आणि स्क्रीनसुद्धा त्यातच बसवायची." भाच्याने आधीच जवळच्या एका दुकानातून कोटेशन आणले होते. ते पाहून मला वाईट वाटले, कारण मोठ्या नावाच्या प्रोसेसरवर निम्म्याच्या आसपास रक्कम खर्च करून त्याच्या जोडीला चार जीबीचे जुने ग्राफिक्स कार्ड लावले होते, आणि एसएमपीएसच्या, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, रकान्यात केवळ 'कॅबिनेटसोबत' एवढेच लिहिले होते. आईने वर्षभर साठवलेल्या पैशांचे असे होता कामा नये, म्हणून सगळी यादी नव्याने करायचे आम्ही ठरवले.

नवखा माणूस यादीची सुरुवात प्रोसेसरपासून करतो. माझ्या मते ती स्क्रीनपासून करावी, कारण ग्राफिक्स कार्डाला किती काम पडणार हे स्क्रीन ठरवते. १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, तर २५६० बाय १४४० च्या स्क्रीनवर ३६.९ लाख, म्हणजे प्रत्येक चित्रामागे कार्डाचे काम पावणेदोन पटींहून अधिक वाढते. भाचा मुख्यतः व्हॅलोरंट हा नेमबाजीचा खेळ खेळणार होता आणि अधूनमधून जीटीए फाइव्हसारखे मोठे खेळ. त्याच्यासाठी २४ इंची, १०८० पिक्सेलची, १४४ हर्ट्झची स्क्रीन योग्य होती. साध्या ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर नवे चित्र १६.७ मिलिसेकंदांनी येते, १४४ हर्ट्झवर ते सात मिलिसेकंदांच्या आत येते. नेमबाजीच्या खेळात हा फरक हाताला जाणवतो. स्क्रीनसाठी १०,५०० रुपये वेगळे काढले.

उरलेल्या रकमेतला सर्वांत मोठा वाटा, २०,५०० रुपये, आम्ही आठ जीबीच्या आरएक्स ६६०० कार्डाला दिला. त्याहून स्वस्त आरएक्स ६५०० एक्सटी मोह पाडत होते, पण त्याची मेमरी चारच जीबी, शिवाय मदरबोर्डाशी जोडणाऱ्या मार्गिका फक्त चार. या मार्गिकांची जुनी, कमी वेगाची पिढी म्हणजे पीसीआय एक्सप्रेस ३.०; तशा बोर्डावर लावले की मेमरी भरताच ते अडखळते, आणि आमचा बोर्ड नेमका त्याच पिढीचा होता. ६६०० ला आठ मार्गिका असल्यामुळे तिथे फारसे नुकसान होत नाही. सेकंडहँड कार्डाचाही विचार झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांवर इथेरियम हे आभासी चलन मिळवण्याचे काम, म्हणजे मायनिंग, बंद झाल्यावर अशी कार्डे बाजारात भरपूर आली होती, परंतु बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, आणि पहिलाच संगणक घेणाऱ्या घराने ही जोखीम घेऊ नये असे मला आजही वाटते.

प्रोसेसर म्हणून सहा कोअरचा रायझन ५ ५६०० घेतला, १२,००० रुपयांना. ५६०० जी हे जुळे वाटणारे नाव फसवे आहे: त्यात अंगचे ग्राफिक्स असते, पण एल-थ्री कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी, ३२ ऐवजी १६ एमबी असते, त्यामुळे वेगळे कार्ड घेणाऱ्याला ते उपयोगाचे नाही. बी ४५० बोर्ड ६,८०० रुपयांना मिळाला. हा बोर्ड या प्रोसेसरच्या आधी बाजारात आलेला, म्हणून खोक्यावर 'रायझन ५००० डेस्कटॉप रेडी' असा स्टिकर आहे की नाही हे पाहूनच घ्यावा; नाहीतर बोर्डातल्या जुन्या बायोसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामला, हा प्रोसेसर ओळखता येत नाही आणि नवा संगणक सुरूच होत नाही.

खरेदीसाठी आम्ही दोघे नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरलो आणि लोकलने ग्रँट रोडला, लॅमिंग्टन रोडवरच्या संगणकांच्या बाजारात गेलो. सर्वाधिक वेळ गेला तो एसएमपीएस निवडण्यात. "मामा, तो पाचशे वॉटचा, हा साडेपाचशेचा, मग हा तिप्पट महाग का?" असे भाच्याने काउंटरवरच विचारले. मी दोन्ही खोकी शेजारी ठेवून बाजूच्या पट्टीवरचा तक्ता त्याला वाचायला लावला. प्रोसेसर आणि कार्ड दोघांनाही वीज लागते ती १२ व्होल्टच्या लाइनवर. स्वस्त एसएमपीएसवर त्या लाइनपुढे १६ अँपिअर लिहिले होते. बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॉट. आमच्या कार्डाचेच १३२ वॉट आणि प्रोसेसरचे कमीत कमी ६५ धरले, तरी १९७ होतात. दुसऱ्या, ५५० वॉटच्या ब्राँझ एसएमपीएसवर ४५ अँपिअर होते, म्हणजे ५४० वॉट. गुणाकार त्याने स्वतः केला आणि महागडे खोके उचलून माझ्या हातात दिले. ४,२०० रुपये लागले. ब्राँझचा शिक्का केवळ कार्यक्षमतेचा असतो, त्यावरून दर्जाची खात्री होत नाही. म्हणून हा तक्ता आणि वॉरंटीची वर्षे दोन्ही पाहावीत. माझ्या पहिल्या संगणकाचा कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस एका पावसाळी संध्याकाळी वीज जाऊन परत आली तेव्हा जळाला, आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. तो जळका वास मी विसरलेलो नाही.

बाकीचे पटकन झाले. खेळ आणि फाइली साठवायला एक टीबीची वेगवान एनव्हीएमई एसएसडी ४,३०० रुपयांना, पुढून जाळी असलेले कॅबिनेट ३,००० रुपयांना आणि आठ-आठ जीबीच्या दोन रॅम ३,४०० रुपयांना. सोळाची एकच रॅम घेतली तर ड्युअल चॅनलचा, म्हणजे दोन रॅम एकाच वेळी वापरण्याचा, फायदा मिळत नाही आणि या प्रोसेसरवर ते खेळात जाणवते. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती भडकल्या, त्यामुळे आज यादी करणाऱ्याने हा आकडा धरून चालू नये. रॅमसाठी वाढीव तरतूद करून कॅबिनेट साधे घ्यावे, पण कार्ड आणि एसएमपीएसला हात लावू नये. आमची बेरीज ६४,७०० झाली. कीबोर्ड आणि माउस घरचेच होते.

जोडणी बहिणीच्या जेवणाच्या टेबलावर केली. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून भाच्याने तो अलगद सोडला. दाबायचे मुळीच नाही, एवढेच मी सांगितले होते. सगळे जोडून बटण दाबले, तेव्हा पंखे फिरले पण स्क्रीन काळीच राहिली. बहीण ओट्यापाशी थांबून पाहत होती. एचडीएमआयची केबल मदरबोर्डाच्या पोर्टमध्ये लावली गेली होती आणि या प्रोसेसरला स्वतःचे ग्राफिक्स नाही. केबल खाली, कार्डाच्या पोर्टमध्ये लावली आणि चित्र आले. रॅम २६६६ च्या वेगाने चालत होती, ती बायोसमध्ये एक्सएमपी हे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारे सेटिंग चालू करून ३२०० वर आणली. मग भाच्याने आठही बिले एका प्लास्टिकच्या फाइलीत घातली आणि प्रत्येकावर वॉरंटी कधी संपते ती तारीख पेन्सिलीने लिहून ठेवली.