तुम्ही विचारलंत म्हणून : छापखाना वारशाने, कसबही वारशाने?

वसाहतकाळातील अमेरिकेच्या स्त्री-मुद्रकांविषयी नागपुरात कुठेही बोलले, की एक प्रश्न हमखास येतो: ‘नवऱ्यामागे छापखाना हाती आला, यात त्यांचे कर्तृत्व ते काय?’

छापखाना वारशाने मिळे, हे खरे. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवण्याचे कसब मात्र नवरा हयात असतानाच कमवावे लागे. चार्ल्स्टनच्या एलिझाबेथ टिमथीचे पाहा. डिसेंबर १७३८ मध्ये पती वारल्यावर तिने ‘साउथ कॅरोलायना गॅझेट’ हे वृत्तपत्र सुरू ठेवले, पण अंकावर नाव छापले जाई ते तिच्या अल्पवयीन मुलाचे. या धंद्यातील भागीदार बेंजामिन फ्रँकलिन याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की, पतीकडून त्याला कधीच समाधानकारक हिशेब मिळाला नाही, उलट तिने दर तिमाहीला चोख हिशेब पाठवला आणि पुढे छापखाना विकत घेऊन मुलाच्या हाती दिला. एवढे करणाऱ्या बाईला केवळ ‘मुद्रकाची विधवा’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या छापखान्यांत ज्यांनी उलट्या अक्षरांची जुळणी पाहिली आहे, त्यांना हे काम शिकल्यावाचून येत नाही हे सांगायला नको. त्यातून देवनागरीचे खिळे रोमनपेक्षा कितीतरी अधिक. आपल्याकडे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मुलींना आणि विधवांना हेच काम शिकवले, आणि रमाबाईंचे मराठी बायबल त्याच हातांनी जुळवले व छापले. त्या विधवांना तर कोणाचा छापखाना वारशाने मिळालेला नव्हता.

आणि बाल्टिमोरची मेरी कॅथरिन गॉडर्ड अविवाहितच होती. भावाचे ‘मेरीलँड जर्नल’ तीच चालवी. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची, सह्या करणाऱ्यांची नावे असलेली पहिली छापील प्रत जानेवारी १७७७ मध्ये तिच्या छापखान्यातून निघाली. इंग्लंडच्या राजाच्या लेखी ती राजद्रोह्यांची यादी होती, आणि एरवी आद्याक्षरांवर भागवणाऱ्या गॉडर्डने तिच्या तळाशी मुद्रक म्हणून आपले पूर्ण नाव घातले. १७७५ पासून ती शहराची पोस्टमास्तरही होती; १७८९ मध्ये, या पदाला आता बाईला झेपणार नाही इतका प्रवास लागेल, असे कारण देऊन तिला काढण्यात आले. दोनशेहून अधिक नागरिकांनी तिच्यासाठी अर्ज केला, तो मानला गेला नाही. त्यानंतर ती पुस्तकांचे दुकान चालवीत राहिली.