हूडचं कव्हर : काम कुठवर आलंय

मागच्या नोंदीत माझ्या उघड्या गाडीच्या हूडच्या, म्हणजे मिटणाऱ्या मऊ छताच्या, चेनपाशी थांबलो होतो. चेन आता अडकत नाही, हूड बसल्या जागेवरून उतरवता येतं, तेव्हा या वेळी कव्हरकडे वळलो. हूड मिटल्यावर सीटमागे जो ढीग तयार होतो, त्यावर घालायचं ते छोटं कव्हर. जुन्या ब्रिटिश रोडस्टरवर (दोन सीटच्या उघड्या गाडीवर) पूर्ण केबिन झाकणारं, मधोमध चेन असलेलं टोनो कव्हर असतं. शेजारची बाजू बंद ठेवून एकट्याने गाडी चालवायची सोय त्यात असते, पण तो वेगळा प्रकार. त्यातली बटणं आणि शिवणीचं गणित मात्र सारखंच, त्यामुळे एमजी किंवा ट्रायम्फवाल्यांनाही पुढचं बरंचसं लागू पडेल.

माझी गाडी पहिल्या पिढीतली माझदा एमएक्स-५, म्हणजे १९८९ साली आलेलं मॉडेल. व्हायनलचं (प्लॅस्टिकच्या चामड्यासारख्या कापडाचं) हूड आणि मागे चेनने सुटी होणारी प्लॅस्टिकची खिडकी. १९९८ च्या दुसऱ्या पिढीत मागे खरी काच आली, तिची चेन उघडायची भानगड संपली. २००५ च्या तिसऱ्या पिढीत तर हूड अशा पद्धतीने मिटतं की पुढचा भागच वर येऊन झाकणाचं काम करतो. त्यांना कव्हर लागतच नाही. त्या मालकांनी खुशाल पुढे जावं.

आमच्या पिढीच्या हूडची अडचण अशी की मिटल्यावर त्याची आतली बाजू आणि सांगाडा आभाळाकडे तोंड करून बसतो. बाहेरचं व्हायनल उन्हाचा विचार करून बनवलेलं असतं, आतली बाजू तशी नसते. तिथे धूळ बसते. मग हूड वर चढवलं की तीच धूळ घड्यांच्या आत राहते आणि पुढच्या वेळी पॉलिश पेपरचं काम करते. शिवाय वेगात वारा ढिगाखाली शिरतो आणि सैल कापड सांगाड्यावर आपटत राहतं. कव्हर मुख्यतः या तीन गोष्टींसाठी: ऊन, धूळ, फडफड. ते घातल्यावर गाडी दिसते छान, पण तो वरचा फायदा.

पावसासाठी मात्र कव्हर नाही, हे नव्या मालकांना सांगावं लागतं. शिवणीतून आणि कडेने पाणी आत जातंच. गेलेलं पाणी मग कव्हरखाली कोंडतं. एमएक्स-५ मध्ये सीटमागे दोन्ही बाजूंना पाण्याच्या निचऱ्याची भोकं आहेत. ती पानं-मातीने तुंबली की पाणी गालिच्याखाली उतरतं आणि दाराखालचा पत्रा आतून सडायला लागतो. म्हणून कव्हरचं काम सुरू करण्याआधी निचऱ्यात थोडं पाणी ओतून ते खाली जमिनीवर पडतंय ना, ते बघून घेतलं. तारेने खुपसू नका, आतली नळी फाटते किंवा सांध्यातून निसटते. जाड नायलॉनचा दोरा पुरतो.

आता क्रम. हूड कोरडं असल्याशिवाय मिटायचंच नाही. ओलं हूड मिटून वरून कव्हर ताणलं की बुरशीला हवं ते सगळं मिळतं: अंधार, ओल आणि बंद हवा. कुबट वास आला म्हणजे उशीर झाला असं समजा. नाइलाजाने ओलं मिटलंच, तर कव्हर न घालता पोचल्यावर लगेच हूड चढवून ताणून वाळवायचं. खिडकीची चेन आधी पूर्ण उघडायची आणि खिडकी सपाट निजवायची. तिच्याखाली आणि वर धुतलेलं फ्लॅनेल घालतो. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासलं की जे बारीक ओरखडे पडतात, ते घासून घालवताना खिडकी पातळ होत जाते, त्यापेक्षा कापड परवडलं. कडक थंडीत हे प्लॅस्टिक ताठ होतं आणि घडीवर सरळ तडकतं. अशा वेळी हूड खाली घ्यायचा मोह आवरावा किंवा गाडी आधी उन्हात उभी करावी.

हे झालं की कव्हर. आणि इथेच बहुतेकांचं कव्हर कायमचं कपाटात जातं, कारण घालायला कटकट. माझं सरळ मत आहे: घालायला दोन-चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ खाणारं कव्हर कोणी वापरत नाही. या वेळचं सगळं काम तो वेळ कमी करण्यासाठीच आहे.

सगळ्यात जास्त वेळ टिचबटणं खात होती. माझ्या कव्हरच्या मागच्या कडेला टिचबटणं आहेत. टोपी कव्हरमध्ये, खुंटी गाडीवर. काही खुंट्यांवर हिरवट थर चढला होता. पितळेवरचा मुलामा उडाला की हे होतं, मग बटण बसताना किंवा निघताना हट्ट करतं आणि माणूस कव्हरची कड धरून ओढतो. तीच ओढ शिवण फाडते. बटण काढताना बोटं बटणाच्या अगदी बुडाशी घालून सरळ वर उचलायचं, कड धरायची नाही. गेलेल्या खुंट्या काढून स्टेनलेसच्या स्क्रूवर नव्या बसवल्या. स्क्रू घालण्याआधी प्रत्येक भोकाची कड साफ करून रंगाचा ठिपका दिला, तो वाळल्यावर आत मेण सोडलं. पत्र्यातलं उघडं भोक म्हणजे गंजाला दिलेलं आमंत्रण असतं. उरलेल्या खुंट्या घासून त्यावर बोटाच्या टोकाला येईल एवढं व्हॅसलिन फिरवलं. सिलिकॉन स्प्रे तिथे मारत नाही, तो उडून रंगावर आणि कापडावर डाग धरतो.

जुन्या गाड्यांवर दुसरी दोन बटणं दिसतात, त्यांची पद्धत वेगळी. एक तीन बाजूंनी पक्कं आणि एकाच बाजूने सुटणारं. त्या बाजूला बारीक उंचवटा असतो, तिथूनच उचलायचं. चुकीच्या बाजूने जोर लावलात तर बटण टिकेल, कापड फाटेल. दुसरं टेनॅक्स, ज्याची मुंडी वर ओढली की पकड सुटते. दोन्ही साध्या टिचबटणापेक्षा वाऱ्यात भक्कम, पण घाईत हाताळायला मला तरी टिचबटणच आवडतं.

कव्हर बसवताना मागचं मधलं बटण आधी, मग एक डावीकडे, एक उजवीकडे, असं करत कोपऱ्यांकडे जायचं. एका टोकापासून सुरू केलं की सगळा ताण शेवटच्या बटणावर साठतो आणि ते पोचतच नाही. तरी कोपरा अर्धा बोट कमी पडत असेल तर जोर लावू नका. व्हायनल थंड असताना आखडतं. कव्हर थोडा वेळ उन्हात पसरून ठेवा, मग तोच कोपरा मुकाट्याने येतो. पुढची कड सीटमागे खोचायची. तिथे आधी नुसतं कापड दुमडलेलं होतं, त्यामुळे वेगात ते फुगून वर यायचं. त्या कडेत प्लॅस्टिकची लवचिक पट्टी शिवून घेतली. आता कड एका झटक्यात आत जाते आणि तिथेच राहते. सगळ्या कामात वेळेचा खरा फरक याच पट्टीने पडला.

घालण्याआधी कव्हरची खालची बाजू झटकायची सवय लावून घ्या. खडा अडकला असेल तर कडेखालचा रंग घासला जातो, आणि तो नेमका डिकीच्या वरच्या पट्टीवर, जिथे नजर आधी जाते.

आता ठेवण्याचा भाग, ज्यावर मी सगळ्यात जास्त डोकं लावलं. हूड वर असताना कव्हर कुठे जातं? डिकी लहान. घडी करून सामानाखाली कोंबलं की व्हायनलवर वळ पडतात, आणि वळ पडला की पुढे तडा तिथेच जातो. म्हणून घडी बंद, आता गुंडाळी. हलकी पुठ्ठ्याची नळी मधे, कव्हरची चांगली बाजू बाहेर, अस्तर आत. फक्त गुंडाळताना बटणांच्या टोप्या पुढच्या थराच्या चांगल्या बाजूवर दाबून गोल खुणा उठवतात. त्यावर उपाय म्हणून सोबत जुन्या सुती चादरीची पट्टी गुंडाळतो. ती पट्टी बटणं आणि व्हायनलच्या मधे येते.

वरून खोळही सुतीच, ओढायच्या नाडीची. प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हायनल ठेवू नका. हवा खेळत नाही हे एक, आणि व्हायनलला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर येऊन दुसऱ्या प्लॅस्टिकला चिकटतं हे दुसरं. उन्हात तापलेल्या डिकीत ते आणखी लवकर होतं. खोळ डिकीत मागच्या बाजूला आडवी बसते, पट्ट्याने बांधलेली, म्हणजे वळणावर पान्ह्यांच्या पिशवीवर जाऊन आपटत नाही.

गाडी बरेच महिने उभी राहणार असेल तर उलट करायचं: हूड वर, कुलपं लावलेली, कव्हर घरात. हूड महिनोन् महिने मिटून ठेवलं की व्हायनल त्या आकारात आखडतं, मग पुढच्या काचेपर्यंत ओढताना दोन माणसं लागतात. कव्हर आधी सौम्य शांपू आणि मऊ ब्रशने धुऊन, दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळवून मगच गुंडाळायचं. वाळत घालताना एका दोरीवर मधोमध टाकलं तर तिथेच वळ पडतो. दोन दोऱ्यांवर पसरून टाका. ज्यांचं कव्हर कापडी आहे, म्हणजे वर अॅक्रिलिक, मधे रबराचा थर, खाली अस्तर, त्यांनी व्हायनलवरची चकाकी देणारी औषधं त्यावर लावू नयेत. कापडाला पाणी झटकणारं संरक्षक वेगळं मिळतं. आणि हो, खोळ जमिनीवर ठेवू नका. उंदरांना सुती अस्तर फार प्रिय.

बाकी राहिलेलं: डाव्या सीटबेल्टपाशी कव्हरचा कान अजून थोडा उठतो, तिथे इलॅस्टिकचा फास लावून बघणार आहे. आणि मागच्या कडेची जुनी शिवण ऊन खाऊन पिसली आहे, हाताने ओढली तर दोरा तुटतो. पॉलिएस्टरच्या जाड दोऱ्याने पुन्हा शिवायची की पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) दोरा आणायचा, हे ठरत नाहीये. पीटीएफईला उन्हाने जवळजवळ काही होत नाही, पण तो निसरडा असतो आणि घरच्या मशीनवर त्याचा ताण जमवणं कटकटीचं. कुणी घरी शिवलं असेल तर सुई कितव्या नंबरची वापरली ते सांगा, मग कापडाला हात लावतो.