अस्वलाने फाडलेला गाल

झाडीपट्टीच्या नाटकासाठी मुखवटा करायचा म्हणजे सगळ्यात आधी आवाजाचा विचार करावा लागतो. नट वर टांगलेल्या माइकखाली उभा राहून बोलतो. समोर हजार-दीड हजार माणूस, आणि शेवटच्या रांगेतल्या आजीलाही शब्द न् शब्द कळायला हवा. ओठांवर सिलिकॉन आलं की 'प', 'ब', 'म' दबतात. म्हणून माझा मुखवटा ओठाच्या कडेला येऊन थांबतो. फोनवरचे व्हिडिओ पाहून पूर्ण तोंड झाकणारे मुखवटे मागणाऱ्या नाटक कंपन्यांना मी हे दरवर्षी समजावतो, आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच की अख्खा का नाही.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. इथे दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावच्या जत्रा, सुरू होतात आणि होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. कंपन्यांचं बुकिंग गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला होतं. २०२१च्या डिसेंबरात न्यायालयाने वाट मोकळी केल्यापासून शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, त्याही पुन्हा भरतात. दिवसा पट, रात्री नाटक. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा पडद्यामागच्या लोकांनाही आपल्याच घरात काही आल्यासारखं वाटलं. मी मूर्तिकाराच्या घरातला. पावसाळ्यात गणपती, नवरात्रात शारदा आणि दुर्गा, आणि त्यानंतर रंगपट.

गेल्या हंगामात एका कंपनीने खलनायकासाठी मुखवटा सांगितला. लाकूडतस्करी करणारा सावकार, तरुणपणी अस्वलाने डावा गाल फाडलेला. दिग्दर्शक म्हणाले, "पडदा उघडला की पहिल्या रांगेतली बाई किंचाळली पाहिजे." मी होकार दिला. असं काम रोज येत नाही.

नटाच्या चेहऱ्याचा ठसा अल्जिनेटने घेतला. दातांचे डॉक्टर वापरतात तीच पावडर, पण ती दोन-तीन मिनिटांत घट्ट होते आणि तेवढ्यात अख्खा चेहरा लिंपून होत नाही. थंडगार पाण्यात कालवली की थोडी उसंत मिळते. नाकपुड्या मोकळ्या ठेवून वरून प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या, आणि ठसा निघाला रे निघाला की लगेच पीओपी ओतायचं. अल्जिनेट हवेत सुकतं, आकसतं, आणि मग नटाचं नाक त्याच्या नाकापेक्षा लहान होऊन बसतं. त्या पीओपीच्या चेहऱ्यावर मी शाडूने जखम घडवली. पोरं शाळेतली रंगीत चिकणमाती आणून देतात, तिला मी हात लावत नाही. तशा मातीत बऱ्याचदा गंधक असतं, त्याचा अंश साच्यात राहतो, आणि चांगल्या प्रतीचं सिलिकॉन गंधकाला लागलं की तिथे चिकट राहतं, कधीच धरत नाही. रबरी हातमोज्यांचंही तेच.

घडवलेल्या जखमेवरून पीओपीचा साचा काढला आणि त्याला आतून चपडा लावला. आपल्याकडच्या पळसावरच्या लाखेपासूनच हा होतो. स्पिरिटमध्ये विरघळवून दोन हात दिले की पीओपीची छिद्रं बुजतात. त्यावर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात.

सिलिकॉनबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण लोक यातच फसवले जातात. शहरातल्या एका दुकानदाराने मला पूर्वी टिनवर धरणारं, म्हणजे टिनच्या रसायनाने घट्ट होणारं, सिलिकॉन 'चेहऱ्यालाही चालतं' म्हणून विकलं होतं. चालत नाही. ते साचे करायला ठीक, कातडीवर तासन् तास ठेवायला नाही. चेहऱ्यासाठी प्लॅटिनमवर धरणारं घ्यायचं, तेही कातडीला चालतं असं डब्यावर लिहिलेलं. आणि ते बाथरूमच्या फटी भरायचं ट्यूबमधलं सिलिकॉन! साबणाच्या पाण्यात मळून त्याचे मुखवटे करायला शिकवणारे लोक आहेत. त्याला व्हिनेगरसारखा वास येतो, कारण धरताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं. ते माणसाच्या डोळ्याजवळ लावायचं? गावातली शाळकरी पोरं गॅदरिंगसाठी हे करतात आणि मास्तर टाळ्या वाजवतात, याचा मला खरोखर राग येतो.

प्लॅटिनमवाल्याचे दोन भाग, माझ्याकडच्या मालाला वजनाने सारखे. अंदाजाने नाही, सोनाराच्या काट्यासारखा काटा घेऊन. मऊपणासाठी त्यात सिलिकॉन तेल, कातडीखालच्या बारीक शिरा दिसाव्यात म्हणून लाल लोकरीची भुकटी. उंचावरून सुतासारखी धार धरून ओतायचं, म्हणजे बुडबुडे वाटेतच फुटतात. आमची अडचण थंडीची. ऐन हंगाम डिसेंबर-जानेवारीचा, पहाटे पारा दहा-बाराला येतो, आणि चार तासांत धरणारा माल दुसऱ्या दुपारपर्यंत ओलाच. मी कोंबडीच्या पिल्लांची पेटी वापरतो. आत पिवळा बल्ब, वर पोतं. उबेत काम वेळेवर होतं.

रंगही सिलिकॉनमध्येच कालवावा लागतो, कारण सिलिकॉनवर सिलिकॉनखेरीज काही टिकत नाही. स्पंजने ठिपके ठिपके करत आधी जांभळट, मग पिवळट, मग गव्हाळ. दाढीचे खुंट सुईने एकेक रोवले. मुखवटा नटाला लावला तेव्हा जबड्याजवळची कड मलाच शोधावी लागली.

सिंदेवाहीकडच्या एका गावात मंडईचा प्रयोग होता. नाटक रंगलं. बाई किंचाळली की नाही कोण जाणे, पण सावकाराच्या पहिल्या एंट्रीला अख्खा मंडप गप्प झाला, आणि मग शिट्ट्या. पहाटे रंगपटात चहा आला. मी नटाच्या गालावरून मुखवटा सोडवत होतो, तेवढ्यात कनातीशी एक माणूस उभा दिसला. पन्नाशी उलटलेली, दुपट्टा डोक्यावरून घेऊन नाकापर्यंत ओढलेला. थंडीसाठी असेल असं वाटलं.

"भाऊ, हे पाहू का जरा?"

मी मुखवटा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, उलटा केला, आतून बोट फिरवलं. मग म्हणाले, "अस्वलाचा मार आहे म्हनता ना? इथं दाढी लावली तुमी. इथं केस नाई येत." आणि दुपट्टा खाली केला.

डावाच गाल. कपाळापासून जबड्यापर्यंत तीन पट्टे, मधला सगळ्यात खोल.

मी "काका, बसा" म्हणालो. त्यांनी खुर्ची ओढली आणि एखादा सुतार दुसऱ्याच्या कामाकडे पाहील तसं बोलू लागले. "डोरा असा नाई राहत. खालची पापनी वढते खाली, पानी गरते. थंडीत लय गरते. अन् हसलो का हा गाल हालत नाई. तुमच्या मानसाचा हालला, मी समोरच बसलो होतो." मोहफुलं वेचायला पहाटे गेले होते. अस्वलालाही मोह आवडतो, ते झाडाखालीच होतं, समोरासमोर आले तेव्हा उभं राहिलं. अस्वल तोंडावरच येतं, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. कामासाठी मी दवाखान्यातले फोटो पाहिले होते, पण ते ताज्या जखमेचे. वर्षं उलटल्यावर गालाचं काय होतं ते त्या फोटोंत नव्हतं.

मी विचारलं, हात लावू का. त्यांनी मान पुढे केली.

ती कातडी हाडाला जखडलेली होती. आपला गाल बोटाने सरकतो, तो सरकत नव्हता. गुळगुळीत, बाजूच्या कातडीपेक्षा थंड, एकही रोम नाही. पट्ट्याच्या कडा उचललेल्या नाहीत, आत वळलेल्या. मी कडा उचलून केल्या होत्या, मागच्या रांगेतून दिसाव्यात म्हणून. उजाडल्यावर बाहेर नेऊन फोटो काढले. त्यांनी तेही काढू दिले, दोन्ही बाजूंनी, हसतानाही.

निघताना त्यांनी नटाला सांगितलं, "काम लय मस्त केलं तुमी." आणि मला विचारलं, "एक सांगा भाऊ. हा मानूस वाईटच काहून दाखवला? अस्वलानं फाडलं त त्याच्यात त्याचा का दोष?"

रागाने नाही. मुखवट्याला पैसे किती लागले, हे थोड्या वेळापूर्वी विचारलं होतं तशाच आवाजात. मी म्हणालो, नाटक लिहिणाऱ्याने तसं लिहिलं. ते म्हणाले, "आता पोट्टे मले त्याच्याच नावानं हाका मारतीन." आणि दुपट्टा वर घेऊन गेले.

पुढच्या मुक्कामी मी मुखवटा बदलला. खुंट उपटले, डोळ्याखालची कड खाली ओढून लाल केली आणि तिच्यावर बिनरंगी सिलिकॉनचा चकचकीत हात दिला, म्हणजे दिव्यात ओल दिसते. गालाच्या मागे जाळीचं कापड बसवलं. त्याने तेवढा भाग ताठ झाला. नट हसला की उजवं तोंड उघडतं आणि डावं जागेवर राहतं. इतकं चांगलं काम माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं, हे मी आजही म्हणतो. नटाचा अभिनयही त्याने बदलला, तो हसणं राखून वापरायला लागला. हंगामभर त्या हसण्यावर लोकांनी श्वास रोखले.

आणि माझं डोकं तिथेच अडकलं आहे. ज्या ज्या गोष्टी त्यांनी मला सांगितल्या, त्या सगळ्या त्या सावकारात गेल्या. पहिला मुखवटा कुणाचाच नव्हता. दुसरा त्यांचा होता, आणि तो गावागावात जंगल विकत होता, विधवेचं शेत लुबाडत होता, शेवटच्या अंकात मार खात होता आणि लोक उभे राहून टाळ्या देत होते. त्यांनी स्वतःहून सांगितलं, हे खरं. मी कधी विचार करतो की त्यांना निदान चेहरा तरी खरा दिसावा असं वाटलं असेल. त्यांनी त्याबद्दल एवढंच म्हटलं होतं, "करताच आहा त बराबर करा."

मंडईच्या आयोजकांपैकी एकाशी नंतर फोनवर बोलणं झालं. त्यांना विचारलं तर म्हणाले, हो, पोरं काकांना सावकाराच्या नावाने हाक मारतात, गंमत आहे, ते काही बोलत नाहीत. गंमत! खलनायकाचं नाव आमच्याकडे लोकांच्या तोंडात वर्षभर राहतं, पटावरच्या बैलांनाही देतात. पण बैलाचं नाव पुढच्या वर्षी बदलता येतं.

दिग्दर्शकांशी मी बोललो. ते वाईट नाहीत, त्यांनी कर्ज काढून कंपनी उभी केली आहे. त्यांचं म्हणणं असं की पब्लिकला वाईट माणूस पाहताक्षणी ओळखू यायला हवा, रात्री दोन वाजता झोपेला आलेल्या माणसाला बारकावे कळत नाहीत. मला हे पटत नाही. त्याच झोपेला आलेल्या माणसांना नट अर्ध्या तोंडाने हसतो हे बरोबर कळलं होतं. आमचा प्रेक्षक बारीक पाहतो; लिहिणारेच त्याला जाड देतात. लंगडा, काणा, भाजलेला, फाटलेला, म्हणजे बदमाश. असे चेहरे इतकी वर्षं मीही रंगवले, आणि कनातीशी उभं राहून कुणी विचारलं नव्हतं.

आता नव्या हंगामाला तेच नाटक पुन्हा लावायचं ठरतंय. मुखवटा माझ्याकडे पेटीत आहे, टाल्कम मारून, कागदाच्या गोळ्यांवर आकार धरून. सिलिकॉन वर्षानुवर्षं तसंच राहतं. मी सुचवलं आहे की तो गाल नायिकेच्या थोरल्या भावाला द्या. त्याच भूमिकेत जंगलाची राखण आहे, अस्वल तिथे जास्त शोभतं, आणि सावकार कोऱ्या चेहऱ्याचा, पांढऱ्या कपड्यातला करा. त्याच्यासाठी मी फक्त दात बदलून दाखवले, फोटोही पाठवले. भावाचं काम करणाऱ्या नटाचा चेहरा रुंद आहे, म्हणजे नवा ठसा, नवा साचा. तो मी मजुरी न घेता करीन.

दिग्दर्शक म्हणतात, जुन्या पोस्टरवर तोच गाल आहे आणि बुकिंग त्यावरच येतं. पोस्टर दसऱ्याच्या आधी छापायला जातात, तोवर उत्तर द्या, असं मी कळवलं आहे. नाही म्हणाले तर मुखवट्याचे पैसे परत करायची माझी तयारी आहे, तेही सांगून ठेवलं आहे.