लिस्बनला राहायचं तर आधी जिने मोजा

नोव्हेंबरमध्ये आई आणि मी लिस्बनला सहा रात्री राहिलो. पहिल्या दोन रात्री जिथे काढल्या तिथे जीव मेटाकुटीला आला. उरलेल्या चार रात्रींची खोली मात्र अशी मिळाली की घरी आलेल्या प्रत्येकाला आई तिचं वर्णन ऐकवते. भाड्यात फारसा फरक नव्हता. पहिल्या वेळी मी फोटो पाहिले होते, दुसऱ्या वेळी पत्ता नीट वाचला, एवढंच.

पहिली खोली आल्फामात होती. किल्ल्याखालची ही जुनी वस्ती १७५५ च्या भूकंपातून बरीचशी वाचलेली. अरुंद बोळ, खिडक्यांबाहेर वाळत घातलेले कपडे, खाली तेजू नदीचं पात्र. फिरायला ही जागा अप्रतिम आहे, दोन संध्याकाळी तरी तिथे घालवाच. पण आमची टॅक्सी बोळाच्या तोंडाशीच थांबली. पुढे दगडी पायऱ्या, त्या संपल्यावर इमारतीचे तीन मजले, आणि लिफ्ट नाही. लिस्बनच्या पदपथांवर चुनखडीचे छोटे दगड एकेक करून बसवलेले असतात. पावलांनी घासून घासून ते गुळगुळीत झालेत आणि त्या दिवशी नुकताच पाऊस पडून गेला होता. बॅगेची चाकं फटींत अडकत होती, आईचा पाय सरकत होता. तिचं वय ६८, गुडघ्यांचं दुखणं जुनं. खोलीवर पोचल्यावर ती पंधरा मिनिटं नुसती कॉटवर बसून राहिली, आणि तेव्हाच मी ठरवलं की इथून हलायचं.

त्या रात्री पुन्हा शोधायला बसलो तेव्हा आधी पत्ते वाचायला शिकलो. आकड्यापुढे ‘एस्क.’ असेल तर त्या मजल्यावरचं डावीकडचं दार, ‘डी-टी-ओ’ ही अक्षरं असतील तर उजवीकडचं. ‘आर/सी’ म्हणजे तळमजला. अशा पत्त्यावरचं हॉटेल म्हणजे बहुधा जुन्या राहत्या इमारतीतला एखादा मजला. त्यात सहा-आठ खोल्या, खाली दुसरी बिऱ्हाडं. जुन्या पाट्यांवर याला अजून ‘पेन्साँव’ लिहिलेलं दिसतं. स्वस्त आणि देखण्या जागा मिळतात त्या इथेच. भाडं कमी असतं ते बऱ्याचदा लिफ्ट नसल्यामुळे. म्हणून लोकांच्या अभिप्रायांत ‘जिना’ आणि ‘लिफ्ट’ हे दोन शब्द आधी शोधा, मग फोटो बघा. घरगुती जागा घेत असाल तर दारापाशी ‘ए-एल’ अशी पाटी असायला हवी. ती नोंदणीची खूण.

भाग निवडताना मेट्रोची हिरवी लाइन धरून चाला. रोसियू चौक आणि बायशा हा मधला सपाट भाग सोयीचा, पण महाग. त्याच लाइनवर दोन-चार स्टेशनं पुढे इन्तेन्देन्त, आंजुश, आरोयुश लागतात. तिथे दर उतरतात आणि चढही फारसा नाही. विमानतळावरून लाल लाइन घ्यायची, आलामेदाला हिरवी पकडायची. टॅक्सीची गरजच नाही. किल्ल्यावर जायचं असेल तर बायशातल्या रुआ दुश फांकैरुशवरून फुकट सरकारी लिफ्ट आहे. ती अर्धा चढ वाचवते, आणि तिथून जवळच सुपरमार्केट असलेल्या पार्किंगच्या इमारतीतून दुसरी.

आम्हाला आंजुशमध्ये दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. दोन पलंग, स्वतंत्र न्हाणीघर, रात्रीचे ६२ युरो. बुकिंगच्या साइटवर हीच खोली ७० ला होती. मी थेट मेल लिहून विचारलं आणि मालकीणबाईंनी दर कमी केला. छोट्या जागांना जरूर मेल लिहा. त्यातच सांगा की खोली मागच्या बाजूची हवी. पुढे रस्त्याचा आवाज असतो, मागे इमारतींच्या मधला बंदिस्त चौक असतो. आमच्या खिडकीला आतून लाकडी झडपा होत्या. त्या लावल्या की भर दुपारी काळोख, उघडल्या की समोर चार मजल्यांच्या कपड्यांच्या दोऱ्या. प्रत्येक दोरी दोन टोकांच्या कप्प्यांवरून फिरणारी. समोरच्या आजी खिडकीतून दोरी ओढत एकेक चादर आत घ्यायच्या आणि आई ते बघत बसायची. पहिल्या दिवशी मालकीणबाईंनी किल्ली उंच धरून ‘शाव’ म्हटलं. आई लगेच म्हणाली, “अगं, चावी!” शब्द त्यांचाच, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलेला. पुढचे चार दिवस सकाळी खाली पाव आणायला जाताना दोघी तेच दोन शब्द एकमेकींना म्हणून हसायच्या. पावही त्यांचाच.

थंडीत जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. या जुन्या घरांत खोल्या गरम ठेवणारी व्यवस्था बहुधा नसते. बाहेर चौदा अंश असतात, पण ओल खोलीत शिरते आणि धुतलेले मोजे दोन दिवस वाळत नाहीत. हीटर आहे का, हे आधीच विचारून घ्या. जूनमध्ये जाणार असाल तर १२ तारखेची रात्र सांतु आंतोनियु या संताच्या उत्सवाची. आल्फामा, ग्रासा, मोरारिया या जुन्या वस्त्यांत रात्रभर सार्डिन मासे भाजतात, गाणी चालतात. मजा बघायची असेल तर जवळ राहा, झोप हवी असेल तर लांब.

शहर कर वेगळा द्यावा लागतो. माणशी रात्रीला ४ युरो, जास्तीत जास्त सात रात्री, तेरा वर्षांखालच्या मुलांना माफ. आम्हा दोघांचे सहा रात्रींचे ४८ युरो झाले. हे दाखवलेल्या भाड्यात बऱ्याचदा धरलेले नसतात. नाश्ता मात्र हॉटेलात घेऊ नका. कोपऱ्यावरच्या पास्तेलारियात, म्हणजे तिथल्या बेकरी-कॅफेत, दूध घातलेली कॉफी आणि लोण्याचा जाडजूड टोस्ट मिळतो, दोघांचं आठ युरोंच्या आत भागतं. शाकाहारी असाल तर मार्तीं मोनीश चौकाभोवती भारतीय आणि बांगलादेशी किराणा दुकानं आहेत. डाळी, मसाले, हिरव्या मिरच्या, सगळं मिळतं.

शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं, ते फुकट रद्द होणारंच करा. व्हिसा हातात आला की पुन्हा शांतपणे शोधा आणि चांगली जागा मिळाली तरच आधीचं रद्द करा. मी घाईत रद्द न होणारं घेतलं होतं. आल्फामातल्या उरलेल्या चार रात्रींचे पैसे परत मिळाले नाहीत.

परतीचं विमान पहाटेचं असेल तर मेट्रोवर विसंबू नका, ती साडेसहाला सुरू होते. मालकीणबाईंनी आदल्या रात्रीच टॅक्सी सांगून ठेवली होती आणि पावणेपाचला ती बरोबर दाराशी उभी होती.