ॲलर्जीची नोंद असताना कॉन्ट्रास्ट सीटी: माझा अनुभव

काही वर्षांपूर्वी कॉन्ट्रास्ट (आतले भाग स्कॅनमध्ये उठून दिसावेत म्हणून शिरेतून देतात ते आयोडीनयुक्त औषध) देऊन सीटी स्कॅन केला, तेव्हा थोड्याच वेळात माझ्या पोटावर आणि मानेवर गांधी उठल्या होत्या. एका इंजेक्शनने त्या उतरल्या, पण फाइलवर ‘आयोडीन ॲलर्जी’ असा शिक्का बसला. यंदा सोनोग्राफीत यकृतात गाठ दिसली. ती कसली हे कळायला पुन्हा कॉन्ट्रास्ट सीटी हवा होता. माझा पेसमेकर जुन्या बनावटीचा, त्यामुळे एमआरआयचा पर्याय नव्हता. तो शिक्का पाहून पहिल्या ठिकाणी सांगण्यात आलं, “साधाच स्कॅन करून घ्या.” पण यकृतातली गाठ ओळखायची तर तिच्यात रक्त कसं आणि कधी भरतं ते दिसावं लागतं. साध्या स्कॅनमध्ये ते दिसत नाही.

म्हणून दुसऱ्या ठिकाणी गेले. तिथल्या रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवून विचारलं, “मागच्या वेळी नेमकं कोणतं औषध दिलं होतं आणि त्रास काय झाला?” आयोडीन तर प्रत्येकाच्या शरीरात असतंच, थायरॉइडचं संप्रेरक त्याच्याशिवाय बनत नाही, असं त्यांनी समजावलं. ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया येते ती त्या विशिष्ट कॉन्ट्रास्टच्या रेणूमुळे. मासे-कोळंबीच्या ॲलर्जीशीही याचा संबंध नाही, ती प्रथिनांमुळे होते. फॉर्मवर हा प्रश्न अजून कित्येक ठिकाणी असतो, आणि माणसं उगाच घाबरतात.

जुन्या रिपोर्टमध्ये फक्त ‘नॉन-आयॉनिक कॉन्ट्रास्ट दिले’ एवढंच होतं, म्हणजे औषधाचा नुसता गट, नाव नाही. जुन्या केंद्राच्या रेकॉर्ड विभागाने आधी टाळाटाळ केली. लेखी अर्ज दिल्यावर मात्र नोंद निघाली: आयोहेक्सॉल, एका मिलिलिटरमध्ये ३५० मिलिग्रॅम आयोडीन. खाली नर्सने टिपलं होतं, ‘गांधी. चेहरा, ओठ सुजलेले नाहीत. श्वास ठीक. बीपी ठीक.’ ज्या कोणी हे इतकं नेमकं लिहिलं, तिची मी कायमची ऋणी आहे, कारण पुढचं सगळं त्या ओळींवर ठरलं.

प्रतिक्रिया सौम्य होती आणि औषधाचं नाव हाती होतं. डॉक्टर म्हणाले, “आता औषध बदलू. आयोडिक्सॅनॉल आयोहेक्सॉलच्या अगदी जवळचं, म्हणून तेही नको. आयोपामिडॉल देऊ.” नाव सापडलं नसतं, तर प्रतिक्रिया टाळण्यासाठी बहुधा आधी स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या असत्या. प्रेडनिसोलोन ५० मिलिग्रॅम, स्कॅनच्या १३, ७ आणि १ तास आधी, ही त्याची नेहमीची पद्धत. मला मधुमेह आहे. त्या गोळ्यांनी साखर चढते, आणि एवढं करूनही प्रतिक्रिया येऊ शकते. तीव्र प्रतिक्रिया येऊन गेलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या बाबतीत आधी कॉन्ट्रास्टशिवाय भागतं का हेच पाहतात.

मग मूत्रपिंडं. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं रक्त किती गाळतात त्याचा अंदाज, माझा ५०च्या वर आला. खरी काळजी तो ३०च्या खाली असला किंवा मूत्रपिंडांना नुकतीच इजा झाली असली तर. तशा वेळी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी ४८ तास थांबवून, पुन्हा तपासणी करून मगच सुरू करतात. माझी गोळी चालूच ठेवली. पाणी पीत राहा, आणि गुडघेदुखीसाठी घेता त्या वेदनाशामक गोळ्या दोन-तीन दिवस टाळा, एवढं सांगितलं. थायरॉइडचा आजार आहे का, पुढे रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीनचे) उपचार ठरलेत का, हेही विचारलं, कारण कॉन्ट्रास्टनंतर काही आठवडे ते उपचार नीट लागू पडत नाहीत.

स्कॅनच्या दिवशी टेक्निशियनताईंनी कोपराच्या खोबणीत सुई लावली. आधी सलाइन ढकलून शिरेवर बोटं ठेवून पाहिलं, फुगत तर नाही ना. “दुखलं, चुरचुरलं तर लगेच ओरडा, मशीन थांबवते,” असं त्यांनी बजावलं. यंत्र दर सेकंदाला काही मिलिलिटर औषध सोडतं. सुई शिरेबाहेर सरकली, तर क्षणात हात सुजतो. बाटली शरीराच्या तापमानाइतकी गरम केलेली होती, त्याने औषध पातळ होतं. घशापासून ओटीपोटापर्यंत ऊब सरकत गेली, तोंडात धातूची चव आली, लघवी झाल्यासारखं वाटलं. हे आधी सांगितलेलं असल्याने मी निवांत होते. हे सांगणं कुठेही वगळलं जाऊ नये. ही ऊब म्हणजे ॲलर्जी नव्हे, पण माहीत नसलेला माणूस हादरतो.

नंतर अर्धा तास सुई हातातच ठेवून बसवलं. गंभीर प्रतिक्रिया बहुतेक या वेळातच येते, आणि तेव्हा मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन ताबडतोब द्यावं लागतं. ते शेजारच्या ट्रेमध्ये तयार होतं. अंगावर पुरळ आठवडाभरातही उठू शकतं, तसं झालं तर फोन करा, असं सांगून कागदावर या वेळच्या औषधाचं नाव आणि मात्रा लिहून दिली. मला ही नोंद न मागता मिळाली. तुम्हाला नाही मिळाली, तर मागून घ्या.

पुरळ उठलं नाही. गाठ हेमँजिओमा निघाली, म्हणजे रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ. कॉन्ट्रास्ट आधी तिच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी दिसला आणि मग हळूहळू आत भरत गेला, त्यावरूनच ती ओळखता आली. बायोप्सीची गरज पडली नाही.