मोठ्या मापाच्या चपला

2025 मध्ये आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार 30 नोव्हेंबरला आला. त्याच पहाटेची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपून आम्ही चाळीसएक जण सावंतवाडीहून जुन्या गोव्याच्या वाटेला लागलो. 3 डिसेंबरच्या फेस्तासाठी, म्हणजे सणासाठी, सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या, पायाशी पोहोचायचे होते, आणि 60 किलोमीटरांहून थोडे अधिक असलेले हे अंतर तीन दिवसांत विभागून घ्यायचे, असे आधीच ठरले होते. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात 'जागे राहा' हे वचन होते आणि ते ऐकताना अर्ध्या चर्चला डुलक्या येत होत्या. त्या अर्ध्यांत मीही होतो.

माझ्या पाठीवरच्या पिशवीत 16 पानी पुस्तिकेच्या पन्नास प्रती होत्या. मी रविवारी मुलांचे धर्मशिक्षण घेतो आणि आमच्या वाड्यावरच्या लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकाही पाहतो. घरी प्रार्थना कशी करावी हेच सुचत नाही, अशी तक्रार बैठकीत वारंवार होत असे. म्हणून सकाळची प्रार्थना, रोझरीची म्हणजे जपमाळेची रहस्ये (जपताना मनन करायचे येशू-मरियेच्या जीवनातले प्रसंग), आठवड्याची वाचने, पापनिवेदनाची तयारी, आजाऱ्यासाठी करायची विनंती असे सगळे मी एकत्र करून छापून घेतले होते. आमच्या स्वतःच्या घरातला संध्याकाळचा तेर्स, म्हणजे रोझरीच, मात्र दोन वर्षांपासून बंद होता. आई गेल्यानंतर सुरुवात कोणी करायची, एवढ्या एका प्रश्नावर तो अडला होता. पुस्तिकेच्या प्रस्तावनेत अर्थातच मी हे लिहिले नव्हते.

बांद्याच्या आधीच मी प्रती वाटायला काढल्या. तरुणांनी त्या घडी घालून खिशात ठेवल्या. सर्वांत पुढे चालणाऱ्या म्हाताऱ्या मावशींनी प्रत हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली आणि परत दिली. "माका सगळा पाठ आसा, मास्तर. आनि चष्मो घराक रवलो," असे म्हणून त्यांनी बोटांची पेरे मोजत रोझरीचे पुढचे दशक, म्हणजे दहा प्रार्थनांचा गट, सुरू केले. मला राग आला, पण मावशींवर राग काढता येत नाही.

पत्रादेवीची गोव्याची सीमा कधी ओलांडली ते कळलेही नाही. रोझरी अर्धे जण मराठीत म्हणत होते आणि अर्धे कोकणीत 'नमान मोरिये' म्हणत होते, आणि दोन्ही बाजूंची शेवटची ओळ एकत्र संपली असे एकदाही झाले नाही. त्यातच सामानाच्या टेम्पोवरच्या स्पीकरवर तेच एक गीत पुन्हापुन्हा लागत होते. 1542 मध्ये गोव्यात आल्यावर सायब हातातली घंटा वाजवीत रस्त्यांतून फिरत, मुलांना गोळा करीत आणि त्यांच्याकडून प्रार्थना चालीवर म्हणवून घेत, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. स्पीकर ही त्याच घंटेची सुधारित आवृत्ती असावी, अशी मी मनाची समजूत घातली. ती मालप्याचा उतार संपेपर्यंत टिकली. त्यानंतर मी सरळ कानांत रुमालाचे बोळे घातले.

दुसऱ्या दिवशी दुपारी धारगळच्या पुढे माझा डावा पाय टेकेनासा झाला. वारीसाठी म्हणून नवे बूट घेण्याचा शहाणपणा मी केला होता. टाच आणि चवड्याखाली असे दोन फोड आले होते, मोजा आतून ओला लागत होता, आणि डांबरावरून येणारी धग गुडघ्यापर्यंत जाणवत होती. टेम्पो पुढे निघून गेला होता. सकाळपासून ज्याच्यावर वैतागलो होतो, त्या स्पीकरचा आवाज आता फार लांबून येऊ लागला आणि तो थांबू नये असे मला वाटू लागले.

रस्त्यालगतच्या एका घराच्या सोप्याच्या कडेला मी न विचारताच बसलो. अंगणातल्या तुळशीला लग्नातले ऊस तसेच बांधलेले होते. महिनाभरात ते पार वाळले होते आणि झेंडूची माळ तपकिरी पडली होती. आतून साठीच्या पुढची एक बाई आली. मी कोण, कुठला, हे तिने विचारले नाही. "बस, पाय दाखय," एवढेच ती म्हणाली. मी मोजा काढायला लाजत होतो, तर तिने स्वतःच वाकून तो ओढला. मग एका परातीत कोमट पाणी आणले, त्यात मूठभर जाडे मीठ टाकले आणि माझे दोन्ही पाय त्यात ठेवायला लावले. मीठ झोंबले तेव्हा मी ओरडलो आणि ती हसली. फोड फोडायचा नाही, असे तिने दोनदा बजावले. पाय पुसून तिने खोबरेलात कालवलेली हळद लावली, वर जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली आणि पेल्यातून पेज दिली, सोबत आंब्याच्या लोणच्याची एक फोड.

ईस्टरच्या आधीच्या पुण्यगुरुवारी येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या आठवणीसाठी फादर बाराजणांचे पाय धुतात, तेव्हा त्या बाराजणांत माझा नंबर तीनदा लागला आहे. आदल्या रात्री मी घरी पाय साबणाने घासून जात असे. इथे परातीतले पाणी बघता बघता काळे झाले आणि मला मान वर करवेना.

बूट पुन्हा घालू लागलो तर तिने ते बाजूला सारले आणि जहाजावर नोकरीला असलेल्या मुलाच्या निळ्या रबरी चपला आणून दिल्या. त्या दोन मापांनी मोठ्या होत्या. पैसे काढले तर तिने उलट आपल्याच कनवटीची दहा रुपयांची घडी माझ्या हातात ठेवली. "सायबाक म्हज्या नांवान एक मेणवात लाय," ती म्हणाली. मी हो म्हणालो, बूट पिशवीला बांधले आणि फटफट आवाज करीत निघालो. कोलवाळच्या पुलावर आल्यावर ध्यानात आले की तिचे नाव विचारायचे राहून गेले.

म्हापसा, पर्वरी, मांडवीचा पूल हे सगळे टप्पे चपला पायांतून निसटू नयेत या एकाच काळजीत गेले. रायबंदरच्या बांधावर मात्र संध्याकाळ झाली होती. पाण्यावरून वारा येत होता, दोन्ही भाषांतला तेर्स पहिल्यांदाच एकत्र संपला, आणि म्हाताऱ्या मावशी मागे वळून म्हणाल्या, "जमला मरे!"

मेणबत्ती मी जुन्या गोव्यात शिरतानाच दहा रुपयांना घेतली. गर्दीत ती मोडू नये म्हणून पुस्तिकेतले मधले पान फाडून तिच्याभोवती गुंडाळले. रांगेत चार तास गेले. पुढच्या माणसाने कोपर मारले, मीही मारले. सायबाचे अवशेष असलेल्या बासिलिकेत, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, मी स्वतःसाठी मागायच्या गोष्टींची यादीच विसरलो. बाहेर मेणबत्ती लावताना नाव घ्यायचे होते, म्हणून मी 'धारगळची मावशी' एवढेच म्हणालो. ते पान तिथेच टाकले.

गुरुवारी संध्याकाळी घरी आपोआप सात वाजता वेदीपुढची वात लावली. बायकोने टीव्ही बंद केला आणि मुलगी तोंड वाकडे करून येऊन बसली. गुरुवार, म्हणजे प्रकाशाची रहस्ये. मी पुस्तिका उघडली, तर नेमके तेच पान गेलेले होते. यार्देनेतला बाप्तिस्मा आठवला, काना गावातले लग्न आठवले, तिसरे काही केल्या आठवेना. आणि मुलांना मी ती तोंडपाठ करायला लावतो! पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये ही रहस्ये दिली, पण आईने ती कधी मनावर घेतली नव्हती. गुरुवारी ती जुन्या रीतीप्रमाणे आनंदाचीच म्हणत असे.

"आजीसारखीच म्हणूया," मुलगी म्हणाली. पहिले दशक कोणासाठी, असे बायकोने विचारले. मी दाराकडे पाहिले. निळ्या चपला उंबऱ्याशी होत्या. पायांतल्या पट्टीची हळद त्यांच्या पट्ट्यांना लागली होती, आणि परत करायला न्यायच्या आधी त्या धुवायच्या होत्या.