कुंभार्ली घाटात काटा पडला

पुण्याहून गुहागरला जायचे रस्ते पुष्कळ. घाईवाले ताम्हिणी उतरून माणगाव, महाड करत चिपळूण गाठतात. आम्ही सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट असा रस्ता धरला, कारण सोबत अण्णा होते. अण्णा म्हणजे माझे थोरले काका. त्यांची शाळा पाटणला झाली, आणि पुढची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये. त्यामुळे या रस्त्यावर त्यांच्याकडे दर वळणाला काहीतरी सांगण्यासारखं असतं, आणि बॉनेट उघडलं की त्याहून जास्त. मागच्या सीटवर काकू, मेतकूट आणि लाडवांचे डबे.

गाडी माझी. पंधरा वर्षं उलटलेली पेट्रोल हॅचबॅक. कंपनीचं नाव सांगत नाही, हा आजार कुठल्याही कंपनीच्या गाडीला होतो.

मे महिना. खंबाटकी चढताना काही झालं नाही, साताऱ्यापर्यंत झक्कास आलो. उंब्रजला महामार्ग सोडला आणि पुढे रस्त्याच्या कामामुळे गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरात सरपटायला लागली. तिथेच इंजिन बंद पडलं. खोकला नाही, गचके नाहीत. कुणी भिंतीवरचं बटण दाबून पंखा बंद करावा तसं. स्टार्टर जोरात फिरत होता, इंजिन काही पकडत नव्हतं. टेंपरेचरचा काटा मात्र रोजच्या जागी, अगदी मधोमध.

अण्णा उतरले, बॉनेट वर केलं, आणि क्षणभरही न थांबता म्हणाले, "पेट्रोलची वाफ धरलीय. फडकं दे, पाणी दे."

हा त्यांच्या काळातला रामबाण. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असायचा आणि टाकीतून पेट्रोल ओढून घ्यायचा. ओढलं की दाब कमी होतो, दाब कमी की पेट्रोल लवकर उकळतं, नळीत वाफ भरते आणि पंप नुसता हवा ढवळत बसतो. त्यावर ओलं फडकं टाकणं हा खरोखरच इलाज होता. इंजेक्शनच्या, म्हणजे हल्लीच्या, गाडीत पंप टाकीच्या आत असतो आणि पेट्रोल साधारण तीन बारच्या दाबाने पुढे ढकलतो. त्या दाबाखाली नळीत वाफ व्हायची शक्यता फार कमी. मी हे सांगून बघितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि फडकं पिळून फायरवॉलजवळच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीजवळच्या, पेट्रोलच्या नळीवर नीट गुंडाळलं. वरून अर्धी बाटली ओतली.

दहा मिनिटांनी चावी फिरवली, गाडी चालू.

"काय रे?" अण्णा म्हणाले. यावर मी काय बोलणार!

मल्हारपेठच्या पुढे पुन्हा तेच. पुन्हा फडकं, पुन्हा पाणी, पुन्हा चालू. पाटणच्या एका गॅरेजात गाडी नेली तेव्हा अर्थातच ती ठणठणीत होती. तिथल्या पोराने फिल्टर चोंदलाय म्हणून तो बदलला, पैसे घेतले, आणि गाडी चालली म्हणून सगळे खूश. या दुखण्याची गंमत इथेच आहे. गाडी गॅरेजात पोचते ती थंड होऊन, स्वतःच्या पायांनी. मग मेकॅनिक जे काही बदलेल त्याने ती 'बरी' होते, कारण ती आधीच बरी झालेली असते. कुणी फिल्टर बदलतं, कुणी प्लग, कुणी पंपच खाली उतरवतं, आणि पुढच्या उन्हात परत पहिले पाढे पंचावन्न. माझं मत पक्कं होत चाललं होतं की तपासायची तर ती बंद पडलेली असताना, त्या दहा-पंधरा मिनिटांच्या आत. नंतर सगळं अंदाजपंचे.

कोयनानगरला मुद्दाम थांबलो. नेहरू उद्यानातून धरण समोर दिसतं. मेमध्ये पाणी खाली गेलेलं, धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या कडेने लाल मातीचा रुंद पट्टा उघडा पडलेला. अण्णा बराच वेळ गप्प होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते दहा वर्षांचे. "भांडी आधी वाजली," ते म्हणाले, "मग कुत्री, मग घर." दीडशेहून जास्त माणसं गेली, कोयनानगर तर जवळपास सपाट झालं. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. नंतर त्याला मजबुती दिली. १,९६० मेगावॅटचा हा पसारा, आणि पाणी नदीच्या उलट्या दिशेने, सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीत उतरवलेलं. कोयना जाते कृष्णेला मिळायला कऱ्हाडला; तिचं हे पाणी मात्र वीज करून वाशिष्ठीतून अरबी समुद्रात जातं.

परत येऊन चावी फिरवली तर गाडी मेलेली. उभ्या गाडीत इंजिन जास्त तापतं हे पुष्कळांना खरं वाटत नाही. इंजिन बंद झालं की आतलं पाणी फिरायचं थांबतं, समोरून वाराही नाही, आणि ब्लॉकमधली सगळी उष्णता बाहेरच्या भागांत भिनत जाते. पंधरा-वीस मिनिटं बॉनेटखाली चांगलीच भट्टी असते.

अण्णांचा हात फडक्याकडे गेला. मी म्हटलं, "अण्णा, पाच मिनिटं थांबा. आत्ताच काय ते बघू."

आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. टाकीचा श्वास कोंडला असेल तर झाकण सैल करताच फुस्स करून हवा आत शिरते आणि गाडी लगेच चालू होते. तसलं काही झालं नाही. मग काकूंना विचारलं, "मी चावी फिरवतो, तुमच्या सीटखालून दोन सेकंद घूं असा आवाज येतो का बघा."

"येतो की. सकाळपासून येतोय. मला वाटलं भुंगा शिरलाय."

म्हणजे पंप जिवंत, त्याला वीज सोडणारी रिलेही जिवंत. मग ऑनलाइन खरेदीत कधीतरी घेतलेलं ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती फोनवर दाखवणारं यंत्र, स्टिअरिंगखाली खुपसलं. फोनवर एकही एरर कोड नाही, डॅशबोर्डवर चेक लाइटही पेटलेला नाही. अण्णांनी फोनकडे असं बघितलं की मी तो निमूट खिशात टाकला. फडकं, पाणी, गाडी चालू.

हेळवाक मागे टाकलं आणि घाट सुरू झाला. कुंभार्लीच्या माथ्यावर माकडं आणि द्रोणात करवंदं विकणाऱ्या बायका. करवंदं घेतली. खाली कोकण उन्हात पांढुरकं दिसत होतं. उतरताना तिसरा गिअर, पाय एक्सलरेटरवरून काढलेला, समोर चिपळूणची एसटी. दोन-तीन वळणं झाली असतील, आणि माझी नजर आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या, काट्यावर गेली. काटा शून्यावर पडलेला.

गाडी तर धावत होती. क्लच सुटलेला, गिअर पडलेला. म्हणजे चाकं इंजिनाला फिरवत होती. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरत होता, दीड-दोन हजाराच्या वेगाने. आणि काटा म्हणत होता की इंजिन उभं आहे.

मी मोठ्याने ओरडलोच. काकू दचकल्या.

पेट्रोल संपलं असतं, पंप बसला असता, फिल्टर तुंबला असता, तरी चाकांनी फिरवलेल्या इंजिनाचा आकडा काट्याने दाखवायलाच हवा होता. तो शून्य दाखवतो याचा अर्थ ज्याने आकडा मोजायचा तोच गप्प झालाय. तो म्हणजे क्रँक सेन्सर. फ्लायव्हीलजवळ दातेरी चक्र असतं. पुष्कळ इंजिनांत साठ दातांच्या जागेपैकी दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. शेजारी लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं असलेला अंगठ्याएवढा सेन्सर. दात समोरून गेला की वेटोळ्यात इवलासा विजेचा हेलकावा उठतो, आणि गाळलेल्या दातांच्या जागेवरून ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, कळतं की पिस्टन आत्ता कुठे आहे. हा हेलकावा थांबला की ईसीयूच्या दृष्टीने इंजिन थांबलं. मग तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही फवारत नाही. म्हणूनच खोकला नाही, गचका नाही.

घाटात असं झालं तर क्लच दाबू नका, हे मात्र जरूर सांगतो. गाडी गिअरमध्ये असेपर्यंत इंजिन फिरतं, ब्रेकला लागणारा व्हॅक्युम तयार होत राहतो. क्लच दाबलात की इंजिन थांबतं. मग ब्रेक दोन-तीनदाच मऊ लागतो, त्यानंतर दगड. आम्ही तसेच, मेलेल्या इंजिनाने, एसटीच्या मागे उतरत राहिलो. मध्येच एक धक्का बसला, काटा टुणकन वर आला, इंजिन जिवंत झालं, आणि पुढच्या वळणावर पुन्हा पडला. अण्णा आता काट्याकडेच बघत होते. "गेला," "आला," "गेला," असं पोफळीपर्यंत चाललं.

चिपळूणला बहादूरशेख नाक्याजवळच्या गॅरेजात पोचलो तेव्हा गाडी, अर्थातच, चालू. मेकॅनिक तरुण होता. त्याला म्हटलं, "ही बंद पडेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही." त्याने माझ्याकडे बघितलं, एसी लावला, बॉनेट मिटलं आणि चहा मागवला. चहा अर्धा झाला नाही तोच बाई बंद. पोरगा उडी मारून उठला. प्लग काढून इंजिनाच्या धातूला टेकवला, मी स्टार्टर मारला: ठिणगी नाही. इंजेक्टरची वायर काढून त्यात छोटा टेस्ट बल्ब लावला: बल्ब लुकलुकायला हवा, तो ढिम्म. दोन्ही एकदम गेलेलं, म्हणजे दुखणं दोघांच्या वरचं. स्टार्टर फिरताना फोनवरही आरपीएम शून्य. आता डोंगलची थोडी लाज राखली गेली. शेवटी त्याने वाकून गाडीखाली बघितलं, सेन्सरची जागा हेरली आणि वरून फक्त तिथेच थंड पाण्याची बारीक धार सोडली. चावी. चालू.

जुना सेन्सर निघता निघेना. दहा नंबरचा एकच बोल्ट, पण गंजाने धरलेला, आणि खालचा ओ-रिंग भाजून कडक झालेला. टोकाला लोखंडाचा काळा कीस चिकटलेला होता. नवा सेन्सर दुकानात लगेच मिळाला, हजाराच्या आतच. जुना मी कागदात गुंडाळून घेतला. मेकॅनिकला वाटलं असेल, हा माणूस दुकानदाराशी भांडणार.

चिपळूण ते गुहागर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, सगळा चढउतार. काटा एकदाही पडला नाही. संध्याकाळी व्याडेश्वराचं दर्शन झालं, सुरूच्या बनातून किनाऱ्यावर चक्कर झाली. त्याबद्दल सगळेच लिहितात, मी सोडून देतो.

मुक्काम एका घरगुती ठिकाणी होता. जेवणात फणसाची भाजी, सोलकढी आणि आमरस. पानं वाढायच्या आधी मी स्वयंपाकघरातून पातेलंभर कढत पाणी मागून आणलं आणि ओसरीवर मल्टिमीटर काढला. सेन्सरच्या दोन पिनांना वायरी लावल्या. थंड असताना ९१० ओहम. प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाण्यात सोडला. तांब्याच्या तारेचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे आकडा हळूहळू चढणार हे माहीत होतं: ९८०, १०४०, ११००. आणि मग एकदम पडद्यावर 'ओएल', म्हणजे रोध मोजण्यापलीकडे. आतल्या केसाएवढ्या तारेचा तुटका सांधा उष्णतेने फाकला होता. बाहेर काढून फुंकर घालत बसलो, आणि थोड्या वेळाने आकडा परत आला. दोनच पिनांच्या सेन्सरची अशी परीक्षा घेता येते; तीन पिनांच्या, हॉल प्रकारच्या सेन्सरला ती लागू नाही.

अण्णांनी चष्मा लावून हे सगळं दोनदा करून घेतलं. मग विचारलं, "हा बसतो कुठे नेमका?"

"गिअरबॉक्सच्या सांध्यावर. तुम्ही फडकं गुंडाळत होता ना, त्या नळीच्या बरोबर खाली."

"म्हणजे पाणी गळायचं ते याच्यावर."

"याच्यावरच."

"मग माझा इलाज चुकला कुठे?" असं म्हणून अण्णा पानावर जाऊन बसले, आणि आमरसाची पहिली वाटी त्यांनीच घेतली.